‘नाही’ म्हणणं म्हणजे राजीनामा नव्हे: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत आरती संपली, प्रसादाची रांग लागली, आणि आपल्याच एका सभासदाने मला हॉलच्या बाहेर बोलावलं. वर्षानुवर्षं पार्किंगची व्यवस्था बघणारा, कुणाच्याही गाडीला जंपर केबल लावायला धावणारा हा माणूस. आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, मी राजीनामा देऊन टाकला. आमचं ऑफिस डॅलसला चाललंय. मुलगी अकरावीत आहे, बायकोची नोकरी इथे, म्हणून मी येत नाही म्हणालो. एचआरने सांगितलं, येत नसाल तर राजीनामा लिहून द्या. दिला.” तीन आठवडे झाले होते. तोवर त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पुण्यात आईवडिलांनाही नाही. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन तो लायब्ररीत जाऊन बसत होता.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कारण असाच कागद दोन वर्षांपूर्वी माझ्याही हातात पडला होता आणि त्यावर सही करायला मीही पेन उघडलं होतं.

हे पत्र त्यासाठी लिहिते आहे. माझं मागणं एकच आहे. आपल्या मंडळांनी सभासदांना नोकरी जाताना, किंवा ‘दुसऱ्या राज्यात चला, नाहीतर निघा’ असं सांगितलं जाताना, त्यांचे हक्क काय आहेत हे सांगायची व्यवस्था उभी करावी. ती का हवी आणि मंडळांनीच का करावी, हे जरा विस्ताराने लिहिते. वाचायला वेळ काढा, ही विनंती.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. पैठण, मग भीमानगर, मग कोयनानगर. ऑर्डर आली की आई भांडी पोत्यात भरायची, आम्ही शाळेचा दाखला काढायचो, आणि आठवड्याभरात ट्रक निघायचा. बदलीला नाही म्हणायचं नसतं, हे आमच्या घरात कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्यातल्या पुष्कळांची घरं अशीच होती. एसटी, बँक, पोलीस, महसूल. पण त्या बदलीच्या पाठीशी काय होतं, ते आपण विसरतो. खात्याचं क्वार्टर होतं, तोच पगार होता, पुढे पेन्शन होती, आणि चौकशी केल्याशिवाय सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही ही राज्यघटनेच्या कलम ३११ ची हमी होती. वडिलांनी हुकूम पाळला, आणि हुकूम देणाऱ्यावरही बंधनं होती.

अमेरिकेतली नोकरी ‘ॲट-विल’ असते. कंपनीने मनात आणलं तर ती आज दुपारी संपते. कारण द्यावं लागत नाही, नोटीस द्यावी लागत नाही. आपण भारतातून येताना नेमणूकपत्रात तीन महिन्यांचा नोटीस पिरियड बघून आलेले असतो. इथे जे ‘दोन आठवडे’ म्हणतात तो नुसता शिष्टाचार आहे. हा विचार १८७७ मध्ये होरेस वुड नावाच्या एका वकिलाने मालक-नोकरांच्या कायद्यावरच्या ग्रंथात मांडला, आणि १८८४ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने एका रेल्वे कंपनीच्या खटल्यात सांगितलं की मालक माणसाला चांगल्या कारणाने, कारणाशिवाय, किंवा नैतिकदृष्ट्या वाईट कारणानेसुद्धा काढू शकतो. त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुट्टी आणि कामाचे ठरीव तास मागत होते. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. ही आपलीच माणसं होती, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. आपण तर शिकलेले लोक आहोत.

तर बदली आणि ‘रिलोकेशन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे कंपनी तुम्हाला हुकूम देत नसते. तुमची इथली नोकरी बंद करते आणि दुसरीकडची देऊ करते. देऊ केलेली गोष्ट नाकारली म्हणून तुम्ही राजीनामा दिला असं होत नाही. सगळा फरक या एका वाक्यात आहे, आणि ते मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, सही करायच्या आदल्या रात्री कळलं.

माझी हकीकत सांगते. कंपनीचं नाव घेत नाही. २०२३ चा ऑक्टोबर होता. मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या इमारतीत सत्तरहून अधिक माणसं, आणि सगळं काम टेक्सासला हलवायचं ठरलं. मला तिथे अकरा वर्षं पूर्ण झालेली. पत्रात तीन गोष्टी होत्या. टेक्सासला येणार की नाही ते कळवा. येणार नसाल तर तो ऐच्छिक राजीनामा समजला जाईल. आणि सोबतच्या करारावर पाच दिवसांत सही केलीत तर सद्भावना म्हणून चार आठवड्यांचा पगार मिळेल. एचआरच्या बाई अत्यंत गोड बोलल्या, आणि जाताजाता म्हणाल्या की याबद्दल आपापसात चर्चा करू नका.

शेजारच्या क्युबिकलमधल्या, निवृत्तीला आलेल्या एका अमेरिकन सहकारी बाईंनी संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये मला थांबवलं. त्यांचा नवरा पूर्वी एका कारखान्यात युनियनचा माणूस होता. त्या एवढंच म्हणाल्या, की कागद घरी ने आणि वकिलाला दाखवल्याशिवाय त्याला हात लावू नकोस. मी एका तासाचे पैसे भरून एका वकिलाकडे गेले. त्या एका तासात जे कळलं ते आपल्या मंडळात मला दहा मिनिटांत फुकट कळू शकलं असतं.

पहिली गोष्ट. १९८८ चा एक संघीय कायदा आहे, त्याला वॉर्न म्हणतात. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीने एखादं ठिकाण बंद केलं आणि त्यात पन्नास किंवा अधिक माणसांच्या नोकऱ्या गेल्या, तर ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. न दिल्यास जास्तीत जास्त ६० दिवसांचा पगार आणि सवलती भरून द्याव्या लागतात. काम दुसरीकडे हलवलं जात असेल तर कायदा अंतराचा विचार करतो. रोज येण्याजाण्याजोग्या अंतरावर जागा देऊ केली, तर नोकरी गेली असं धरत नाहीत. लांबची जागा देऊ केली, तर तुम्ही ३० दिवसांच्या मुदतीत ती स्वीकारली तरच नोकरी टिकली असं धरतात. नाही स्वीकारली, तर ती गेलेली नोकरी. कायद्याच्या नजरेत तो राजीनामा नाही.

न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा याहून पुष्कळ पुढचा आहे, आणि त्याची सुधारित कलमं १० एप्रिल २०२३ पासून लागू झाली आहेत. माझ्या पत्राच्या जेमतेम सहा महिने आधी! त्यात नोटीस ९० दिवसांची आहे. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार द्यावाच लागतो. नोटीस कमी दिली तर वर आणखी चार आठवडे. दूरच्या जागेबद्दल हा कायदा अगदी स्पष्ट आहे: राज्याच्या आत, ५० मैलांच्या आत, त्याच दर्जाची आणि पगाराची जागा देऊ केली तरच नोकरी गेली नाही असं मानतात. टेक्सास यात बसत नाही. म्हणजे माझे अकरा आठवडे कायद्यानेच माझे होते, आणि कंपनी मला सद्भावनेचे चार दाखवत होती. हा हक्क सोडून द्यायचा तर राज्याच्या कामगार आयुक्तांची किंवा न्यायालयाची मंजुरी लागते. नुसत्या माझ्या सहीने तो जात नाही.

दुसरी गोष्ट सहीच्या मुदतीची. वयाच्या चाळिशीपुढच्या माणसाकडून वयावरून भेदभावाचा दावा सोडून देणारी सही घ्यायची असेल, तर १९९० च्या कायद्याप्रमाणे विचार करायला किमान २१ दिवस द्यावे लागतात. एका वेळी गटाला काढलं जात असेल तर ४५ दिवस. सही केल्यानंतरही सात दिवस ती मागे घेता येते. गटाच्या बाबतीत तर कुणाला काढलं आणि कुणाला ठेवलं, त्यांची पदं आणि वयं काय, याची यादीही कंपनीने द्यायची असते. मला पाच दिवस दिले होते. आमच्या मंडळात चाळिशीपुढचे किती सभासद आहेत, ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तिसरी, ‘चर्चा करू नका’ची. १९३५ च्या कायद्याने युनियन असो नसो, सामान्य कर्मचाऱ्यांना पगाराबद्दल आणि कामाच्या अटींबद्दल आपापसात बोलण्याचा, एकत्र येऊन मागणी करण्याचा हक्क आहे. अधिकारपदावरच्या सुपरवायझरांना तो नाही, पण बाकीच्यांना आहे. आम्ही सात जण एका डायनरमध्ये बसलो आणि सातही जणांच्या हातात तोच कागद निघाला. वकिलाने एक पत्र लिहिलं. दहा दिवसांनी नवा मसुदा आला. त्यात ‘ऐच्छिक राजीनामा’ हे शब्द नव्हते, आणि आठवडे प्रत्येकाच्या नोकरीच्या वर्षांप्रमाणे होते. ती दुरुस्ती इमारतीतल्या सगळ्यांना मिळाली, जे घाबरून डायनरमध्ये आले नव्हते त्यांनाही.

मला खोटी आशा दाखवायची नाही. नोकरी गेलीच. कायद्याने ती वाचवली नाही, आणि ॲट-विल असताना बहुतेक वेळा कायदा ती वाचवतही नाही. बारा जणांच्या टीममधून दोघांना काढलं तर वॉर्न लागू होत नाही. अपवाद म्हणावं असं एकच राज्य आहे, मोंटाना. तिथे १९८७ पासून प्रोबेशन संपल्यावर माणसाला काढायला सबळ कारण लागतं, पण तिथे आपली किती माणसं? बाकी ठिकाणी कारण न देता काढता येतं, मात्र बेकायदा कारणाने काढता येत नाही. वंश, धर्म, लिंग, मूळ देश, वय, अपंगत्व, गरोदरपण, किंवा नियमात बसणारी वैद्यकीय रजा घेतली म्हणून काढणं बेकायदा आहे. न्यू जर्सीत तर न्यायालयाने १९८० मध्येच, एका औषध कंपनीतल्या डॉक्टर बाईंच्या खटल्यात, सार्वजनिक धोरणाविरुद्ध जाऊन कुणाला काढता येणार नाही हे तत्त्व मान्य केलं. त्या बाई स्वतः तो खटला हरल्या, पण तत्त्व राहिलं. १९८५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या हँडबुकात नोकरीच्या सुरक्षिततेबद्दल दिलेली आश्वासनं करारासारखी बंधनकारक ठरू शकतात. म्हणून हँडबुकाची प्रत लॅपटॉप परत करण्याआधी वाचा असं आपण सांगायला हवं. भेदभावाच्या संघीय तक्रारीला राज्याप्रमाणे १८० किंवा ३०० दिवसांची मर्यादा असते. आपले लोक ते दिवस विचार करण्यात आणि लपवण्यात घालवतात.

आणि व्हिसावर आहे म्हणून हे कायदे आपल्याला लागू नाहीत, हा समज तर मुळातून काढायला हवा. ते लागू आहेत. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला उलट आणखी काही हक्क आहेत, आणि आणखी काही घड्याळं. नोकरी संपल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ ची, म्हणजे देशात राहायच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत, जे आधी संपेल ते. हे दिवस बहुधा ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळतो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. म्हणूनच ९० दिवसांची पगारी नोटीस व्हिसावरच्या माणसासाठी पैशापेक्षा मोलाची असते. तीन महिने घड्याळ सुरूच होत नाही. एकरकमी मिळालेला सेव्हरन्स, म्हणजे नोकरी संपताना दिलेला मोबदला, मात्र घड्याळ थांबवत नाही. राजीनामा दिला तर ६० दिवस मिळतात, पण नोटिशीचे ९० जातात. माझ्या नव्या कंपनीने माझा व्हिसाचा अर्ज त्या ६० पैकी ५२ व्या दिवशी दाखल केला. त्या ९० दिवसांशिवाय मी आज न्यू जर्सीतून हे पत्र लिहीत नसते.

एच-वन-बीची मुदत संपण्याआधी कंपनीने काढलं तर मायदेशी परतायचं वाजवी भाडं त्या माणसापुरतं कंपनीने द्यायचं असतं. स्वतःहून राजीनामा दिला तर तो हक्क गेला. पार्किंगवाल्या त्या मित्राचा तोही गेला.

दुसऱ्या राज्यात जायला ‘हो’ म्हणणाऱ्यांनाही सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. एच-वन-बी ही जागेशी बांधलेली असते. रोजच्या येण्याजाण्याच्या परिसराबाहेर कामाची जागा बदलली तर कंपनीने तिथे काम सुरू होण्याआधी सुधारित अर्ज करायचा असतो. २०१५ च्या एका निर्णयाने हे पक्कं केलं. त्याहून गंभीर म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने श्रम खात्याकडून काढायचं श्रम प्रमाणपत्रही त्या जागेपुरतं असतं. न्यू जर्सीतल्या एडिसनसाठी काढलेलं प्रमाणपत्र डॅलसला सहसा चालत नाही, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख कधी टिकते, कधी नाही, हे आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर आहे का यावर ठरतं. मंजूर असेल आणि मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील, तर कंपनीने तो मागे घेतला तरी तो आपोआप रद्द होत नाही. तारीख तुमचीच राहते आणि नव्या कंपनीमार्फत एच-वन-बी तिच्या नेहमीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे वाढवता येते. ज्याचा आय-१४० अजून झालेलाच नाही आणि पाचवं वर्ष चालू आहे, त्याने टेक्सासला ‘हो’ म्हणण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्यायला हवं की नवी प्रक्रिया कधी सुरू करणार. घर विकून, मुलांची शाळा सोडवून गेल्यावर हे विचारून उपयोग नाही.

आता मंडळाचा प्रश्न. मी हा विषय एका बैठकीत काढला तेव्हा उत्तर मिळालं, “आपण सांस्कृतिक संस्था आहोत, यात पडायला नको.” त्या उत्तरामागे भीती आहे, आणि ती मला समजते. पण करमुक्त संस्थेला बंदी आहे ती निवडणुकीत उमेदवाराची बाजू घेण्याची. सभासदांना कायद्याची माहिती द्यायला आडकाठी नाही. आणि संस्कृती म्हणजे तरी काय? माणूस संकटात असताना त्याच्या दारात जाणं हे आपण गावी करत आलो. कुणाच्या घरी मयत झालं तर पिठलं-भात पोचतो. नोकरी गेली की मात्र सगळे नजर चुकवतात, आणि ज्याची गेली तो सगळ्यात आधी चुकवतो.

ही लाज मी जवळून पाहिली आहे. माझ्या स्वतःच्या घरात तीन आठवडे आम्ही मुलांसमोर कुजबुजत होतो. नोकरी हीच आपली ओळख, ती गेली म्हणजे आपल्यातच काही कमी होतं, असं आपण धरून चालतो. त्या लाजेचा फायदा घाईने सही घेणाऱ्या कंपनीला होतो. म्हणूनच ही माहिती वकिलाच्या ऑफिसात नाही, आपल्याच माणसांच्या तोंडून, आपल्याच भाषेत मिळायला हवी. मराठीत विचारायला लोक धजतील. ‘मला काढलंय’ हे इंग्रजीत बोलताना ज्याचा गळा दाटतो, तो मराठीत बोलून मोकळा होईल, हे मी गणपतीत पाहिलं.

मी काय मागते आहे ते नेमकं सांगते. वर्षातून दोनदा, एकदा संक्रांतीच्या आसपास आणि एकदा गणपतीआधी, नोकरीच्या कायद्याचा एक वकील आणि इमिग्रेशनचा एक वकील बोलावून दोन तासांचं सत्र घ्यावं. दोघेही हवेत, कारण एकाला दुसऱ्याचं घड्याळ ठाऊक नसतं. प्रत्येक मंडळाने आपापल्या राज्याच्या कायद्याचं एक पान मराठीत तयार करून ठेवावं. न्यू जर्सीचं पान टेक्सासला चालणार नाही. आणि एक फोन नंबर असावा, ज्यावर दोन-तीन विश्वासू सभासद आळीपाळीने उपलब्ध असतील. त्यांनी कायदेशीर सल्ला द्यायचा नाही, तो वकिलाचा अधिकार आहे. त्यांनी फक्त एवढं म्हणायचं: आज सही करू नका, राजीनामा हा शब्द लिहू नका, तारखा लिहून ठेवा, आणि या वकिलांपैकी एकाला भेटा. आपल्या सगळ्या मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ ज्येष्ठांसाठी उत्तररंग हा उपक्रम चालवतं, मराठी शाळांना जोडून घेतं. देशभरच्या मंडळांनी केलेली ही पानं एका जागी ठेवण्याचं कामही त्याच्या छत्राखाली सहज होऊ शकेल.

पैशाचा प्रश्न येईल. गणपतीच्या एका ढोल-ताशा मिरवणुकीच्या परवानगीला आणि हॉलच्या भाड्याला आपण जे देतो, त्याच्या तुलनेत हे काहीच नाही. कित्येक वकील पहिलं सत्र विनामूल्य घेतील, कारण त्यातून त्यांना अशिलं मिळतात. मी दोघांशी बोलले आहे आणि दोघांनी होकार दिला आहे.

न्यू जर्सीचं पान मी लिहून तयार ठेवलं आहे. माझ्या वकिलाने ते तपासून दिलं आहे. फोनवर पहिले सहा महिने मी बसेन. पार्किंगवाला तो मित्रही बसायला तयार आहे. त्याचं अजून ठरायचं आहे, मुलीची बारावी होईपर्यंत बायकोच्या व्हिसावर राहता येईल का ते तो बघतो आहे. पण तो म्हणाला, “ताई, निदान पुढच्याला तरी मी सांगेन.” कार्यकारिणीची पुढची बैठक या महिन्यातच आहे. विषयपत्रिकेत आम्हाला पंधरा मिनिटं द्या. आम्ही दोघं येऊ.

आपली,
मध्य न्यू जर्सीतली एक सभासद